चार पाऊंडांची रेघ

कर कोणाच्या नावावर लागतो आणि तो शेवटी कोणाला भोवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश कुळांनी हा फरक फार महागात शिकला.

१८३८च्या कायद्याने आयर्लंडचे १३० विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागात निराधारांसाठी एक वर्कहाऊस, म्हणजे काम करवून घेऊन आसरा देणारं घर, आणि त्याचा खर्च तिथल्याच जमीनजुमल्यावर पट्टी बसवून काढायचा. ढोबळमानाने निम्मी पट्टी कुळाची, निम्मी जमीनदाराची. पण तुकडेच इतके चिमुकले, की घरोघरी फिरून चिल्लर गोळा करणं परवडेना. म्हणून १८४३ मध्ये ठरलं: वार्षिक मूल्य चार पाऊंड किंवा त्याहून कमी असेल, तर सगळी पट्टी जमीनदारानेच भरायची.

वाचताना हे कुळाच्या भल्याचंच वाटतं. मग १८४५ मध्ये कुळांचं मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा आला. खंड थकला, वर्कहाऊस भरली, पट्टी चढत गेली.

आता जमीनदाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, चार-चार पाऊंडांची दहा कुळं आहेत आणि पट्टी पाऊंडामागे पाच शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पाऊंड). म्हणजे वर्षाला दहा पाऊंड त्याच्या खिशातून जाणार, खंड येवो न येवो. तीच दहा शेतं एकत्र करून एकाच मोठ्या कुळाला दिली, तर मूल्य चार पाऊंडांच्या वर जातं, निम्मी पट्टी कुळावर पडते आणि जमीनदाराच्या वाट्याला पाचच पाऊंड उरतात. मधली दहा घरं तेवढी उठवायची! शिवाय हुसकावलेली माणसं शेजारच्या हद्दीत गेली, तर त्यांना पोसण्याचा बोजाही बऱ्याचदा तिकडेच जाई.

१८४७ मध्ये खासदार विल्यम ग्रेगरी यांनी सुचवलेलं कलम आलं: पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, जास्त जमीन ताब्यात असेल तर सरकारी मदत नाही. आधी जमीन सोडा, मग जेवा. काही ठिकाणी माणसं जमीन सोडून घरात राहू पाहत. तर घराचं छप्परच उतरवलं जाई. क्लेअर परगण्यातल्या किलरशचं नाव यासाठी कुप्रसिद्ध झालं. तिथल्या गरीब-मदतीचे सरकारी निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी पाडलेल्या घरांचे अहवाल वरिष्ठांना धाडत राहिले.

पोलिसांनी बेदखलीची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली ती १८४९ मध्ये. तेव्हापासून १८५४ पर्यंतच्या नोंदींत कायमची हुसकावलेली माणसं सुमारे अडीच लाख भरतात. त्याआधीची अशी मोजदाद पोलिसांनी ठेवलीच नव्हती.