डब्याचे आठ कोपरे आणि ते घडवणारी माणसं

मालाचा कंटेनर सगळ्यांनी बघितलेला असतो, नागमोडी पत्र्याचा लांबलचक डबा, पण त्याच्या कोपऱ्यांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. आठही कोपऱ्यांवर ओतीव पोलादाचा एकेक जाड ठोकळा वेल्ड केलेला असतो, १७८ मिलिमीटर लांब, १६२ रुंद, ११८ उंच, आणि त्याला लांबट गोल भोकं असतात. क्रेनची चौकट वरून खाली येते, चार भोकांत चार खुंट्या शिरतात, आत गेल्यावर त्या ९० अंशांत फिरतात, आणि झालं, आता काही टनांचा डबा निसटत नाही. ट्रकवर ठेवला की खालच्या भोकांत ट्रकच्या खुंट्या अडकतात, रेल्वेच्या वाघिणीवर तेच, जहाजावर एका डब्यावर दुसरा चढवला तरी तेच. जगात कुठेही जा, भोक आणि खुंटी एकाच मापाची. मालवाहतुकीत ज्यांनी मोठं काम केलं त्यांचं स्मरण करायचं तर मी त्या भोकापासून सुरुवात करेन, कारण माझ्या मते या क्षेत्रातली खरी क्रांती माल पळवण्यात झालीच नाही, ती झाली माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या जागी.

आधी काय परिस्थिती होती ते बघा. १९५४ मध्ये 'वॉरियर' नावाचं एक साधं मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला गेलं आणि त्याच्या फेरीचा संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला. जहाजावर ५,०१५ टन माल होता, आणि नग किती, तर १,९४,५८२. खोकी, गोण्या, पिंपं, गठ्ठे, गाड्या, सगळं सुटं, आणि आलेलं अमेरिकेतल्या १५१ गावांमधून. भरायला ६ दिवस लागले, समुद्र ओलांडायला साडेदहा दिवस, उतरवायला परत ४ दिवस. पहिला माल ब्रुकलिनच्या धक्क्यावर येऊन पडला तिथपासून शेवटचा माल मुक्कामी पोचेपर्यंत ९५ दिवस गेले. सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट खर्चाची, एकूण २,३७,५७७ डॉलर खर्चातला प्रत्यक्ष समुद्रप्रवासाचा वाटा होता फक्त साडेअकरा टक्के! म्हणजे जहाज दुप्पट वेगाने पळवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. पैसा आणि वेळ दोन्ही खाल्ले जात होते ते धक्क्यावर, जिथे माणसं एकेक नग उचलत होती.

माल्कम मॅक्लीन हा मुळात ट्रकवाला, १९१३ साली नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला, एका जुन्या ट्रकपासून धंदा सुरू करून त्याची मोठी कंपनी उभी केलेला. जहाजांच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या लोकांना जे दिसलं नाही ते याला दिसलं, कारण तो बाहेरून आला होता. त्याच्या दृष्टीने आपला धंदा जहाजं चालवण्याचा नव्हताच, तो माल पोचवण्याचा होता. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, मूळचं दुसऱ्या महायुद्धातलं तेलवाहू जहाज, आणि त्याच्या डेकवर ५८ डबे. एकेक डबा चढवायला सरासरी ७ मिनिटं, सगळं जहाज ८ तासांच्या आत भरून तयार. हिशोब केला तेव्हा कळलं की सुटा माल भरायला टनाला पावणेसहा डॉलरच्या आसपास खर्च यायचा, तो इथे १६ सेंटच्याही किंचित खाली आला होता.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, डब्यात माल भरून डबाच उचलायचा ही कल्पना मॅक्लीनची नव्हती. १९२० च्या दशकात अमेरिकन रेल्वे पोलादी डबे वापरत होत्या, आणि कॅनडातलं 'क्लिफर्ड जे. रॉजर्स' हे खास कंटेनरसाठी बांधलेलं जहाज आयडियल एक्सच्या काही महिने आधीच, नोव्हेंबर १९५५ मध्ये, समुद्रात उतरलं होतं. मॅक्लीनचं मोठेपण डब्यात नाही, ते डबा, ट्रक, क्रेन, धक्का, जहाज हे सगळं मिळून एकच यंत्र आहे असं समजून पैसे लावण्यात आहे. पण ते यंत्र जोडायला एक इंजिनियर लागला, आणि त्याचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं, याची मला मनापासून खंत वाटते.

कीथ टँटलिंगर. मॅक्लीनच्या आधीच, १९४९ मध्ये, सिएटल ते अलास्का जाणाऱ्या बार्जसाठी, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट तळाच्या नावांसाठी, याने ३० फुटी ॲल्युमिनियमचे डबे डिझाइन केले होते, पण धंद्यातल्या कोणी पुढे फारसा रस दाखवला नाही. मॅक्लीनने त्याला आपल्याकडे ओढलं आणि मग एकेक प्रश्न सुटत गेला. डबे एकावर एक रचायचे तर वजन कोण पेलणार? भिंतीने पेलायचं ठरवलं तर भिंत जाड करावी लागते, डबा जड होतो आणि माल कमी मावतो. म्हणून सगळं वजन चार कोपऱ्यांतल्या खांबांवर घ्यायचं, वरच्या डब्याचा खांब बरोबर खालच्या डब्याच्या खांबावर, आणि भिंतीचं काम फक्त माल झाकायचं आणि चौकट वाकडी होऊ द्यायची नाही एवढंच. आजही तेच चाललंय, भिंतीचा नागमोडी पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो पण पुष्कळ डब्यांच्या दारावरच्या पाटीवर वर रचायचा भार १,९२,००० किलो लिहिलेला असतो. अख्खं वजन कोपऱ्यातून जमिनीपर्यंत जातं. त्या कोपऱ्यातलं भोक आणि त्यात फिरणारी खुंटी, जिला आज सगळे ट्विस्टलॉक म्हणतात, ते याच माणसाचं काम.

१९५७ चा प्रसंग तर मला फारच आवडतो. 'गेटवे सिटी' या जहाजात पहिल्यांदाच डेकखाली पोलादी रुळांचे उभे कप्पे केले होते, वरून डबा सोडायचा की तो कप्प्यात सरकत खाली बसतो, एकूण २२६ डबे. कप्पा घट्ट ठेवला तर डबा आत अडकणार, सैल ठेवला तर वादळात आपटणार, मग मधली जागा किती ठेवायची? चाचणीच्या मॉडेलवरून टँटलिंगरने ठरवलं होतं, पण समुद्रावर खरंच काय होईल याची धाकधूक होतीच. त्याने नेवार्कच्या एका दुकानातून मुलांच्या खेळण्यातली माती होती तेवढी सगळी विकत घेतली, तिचे तुकडे केले आणि डबे नि कप्पे यांच्यामधल्या फटीत दाबून बसवले. जहाज मायामीला पोचल्यावर ते तुकडे काढून बघितले तर माती दबली होती जास्तीत जास्त ५/१६ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर. डबे हलत नव्हते. कुठलं महागडं उपकरण नाही, काही नाही, फक्त मातीवरचा ठसा. मोजमापाची इतकी सुंदर आणि इतकी साधी युक्ती मला तरी विज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर मॅटसन ही जहाज कंपनी नेमका उलटा रस्ता धरून चालली होती. मॅक्लीनने आधी करून बघितलं, मॅटसनने आधी फॉस्टर वेल्डन नावाचा संशोधक आणून बसवला आणि आकडे तपासले. प्रश्न होता डबा केवढा असावा. मोठा डबा घेतला तर क्रेनच्या खेपा कमी होतात पण छोट्या गिऱ्हाइकाचा माल त्यात भरत नाही आणि रिकामी हवा वाहून न्यावी लागते, छोटा घेतला तर डबा गच्च भरतो पण क्रेनच्या खेपा वाढतात. वेल्डनने हजारो खेपांच्या नोंदी चाळल्या आणि उत्तर आलं २० ते २५ फुटांच्या दरम्यान. कंपनीने २४ फूट घेतलं, एका ट्रकला दोन जोडता येतील असं. मग लेस हार्लंडरने त्या डब्यांसाठी धक्क्यावरची क्रेन आखली, जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलमीडाला ती सुरू झाली आणि तीन मिनिटांत एक डबा उचलायला लागली. आज कुठल्याही मोठ्या बंदरावर जिराफासारख्या मान वर करून उभ्या असलेल्या क्रेन दिसतात त्यांचं मूळ तिथे आहे.

पण इथेच घोळ होता ना! मॅक्लीनचा डबा ३५ फुटांचा, मॅटसनचा २४ चा, बाकीच्यांचे आणखी वेगळे, आणि प्रत्येकाचं कोपऱ्याचं कुलूप वेगळं. म्हणजे धक्क्यावरचा अडथळा गेला आणि दोन कंपन्यांच्या मध्ये नवा उभा राहिला. सगळ्यांचं एक माप करायचं तर कोणाचं तरी डिझाइन सगळ्यांना वापरता यायला हवं आणि चांगलं डिझाइन पेटंटमध्ये अडकलेलं. तेव्हा टँटलिंगर मॅक्लीनची कंपनी सोडून दुसरीकडे गेला होता, तरी तोच पुन्हा मॅक्लीनकडे गेला आणि त्याला पटवलं की पेटंट मोकळं कर. १९६३ मध्ये मॅक्लीनच्या कंपनीने ते मोकळं केलं, कोणाकडूनही पैसे न घेता. पुढे त्या कोपऱ्यात बदल झाले, चाचण्यांत काही नमुने टिकले नाहीत म्हणून पोलाद जाड करावं लागलं, २० आणि ४० फूट ही मापं १९६८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आली. आपलं पेटंट जपून ठेवलं असतं तर मॅक्लीनला आणखी काही वर्षं प्रतिस्पर्ध्यांना लांब ठेवता आलं असतं. त्याच्या सगळ्या कामांत मला हे सोडून देणंच सगळ्यात मोठं वाटतं.

लोखंडाचं झालं, आता गणिताची माणसं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास चालिंग कूपमान्स हा डच अर्थतज्ज्ञ वॉशिंग्टनमध्ये मित्रराष्ट्रांच्या जहाजांचा हिशोब बघत होता. माल एका दिशेला जातो, परत येताना जहाज रिकामं, मग कुठलं रिकामं जहाज कुठल्या बंदरात पाठवायचं? सहज वाटतं की प्रत्येक बंदराला सगळ्यात जवळचं जहाज द्यावं, पण तसं करत गेलं की शेवटी उरलेल्या बंदराला उरलेलं जहाज मिळतं आणि ते अर्ध्या जगाला वळसा घालून येतं. एका बंदराचं थोडं नुकसान सोसलं तर सगळ्यांचं मिळून अंतर कमी होतं. सोव्हिएत रशियात लिओनिद कांतोरोविच १९३९ मध्येच प्लायवूडच्या कारखान्यासाठी याच जातीचं गणित सोडवून बसला होता, पण तिकडचं इकडे कळायला मार्ग नव्हता. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने अशा गणितांसाठी सिंप्लेक्स नावाची पद्धत काढली जी यंत्राला पायरी पायरीने करता येते. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि कूपमान्स दोघांना मिळालं, डँट्झिगला नाही. कूपमान्सला स्वतःला हे फार लागलं होतं, आणि मला वाटतं बरोबरच होतं त्याचं.

डँट्झिगनेच १९५९ मध्ये जॉन रॅमसरबरोबर पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांचा प्रश्न मांडला, एका डेपोतून निघून सगळ्या पंपांना माल देऊन परत यायचं, कुठल्या ट्रकने कुठे आणि कुठल्या क्रमाने जायचं. ठिकाणं वाढली की शक्य रस्त्यांची संख्या इतकी भयंकर वाढते की एकेक तपासणं कॉम्प्युटरलाही जमत नाही. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट या दोघांनी इंग्लंडमध्ये एक व्यवहारी युक्ती दिली. समजा दोन दुकानं डेपोपासून प्रत्येकी १० किलोमीटरवर आहेत आणि एकमेकांपासून ४ वर. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर ४० किलोमीटर, एकाच फेरीत दोन्ही केली तर १० अधिक ४ अधिक १०, म्हणजे २४. वाचले १६. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, मोठ्यात मोठ्या बचतीपासून सुरू करून जोड्या लावत जायच्या, ट्रक भरला की थांबायचं. उत्तर सर्वोत्तमच येईल याची हमी नाही पण चांगलं येतं, आणि कागद पेन्सिल घेऊनही काढता येतं.

फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्सबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८९३ चा जन्म, लहानपणीच पोरका, शाळा अर्धवट सुटलेली, कृष्णवर्णीय म्हणून बंद असलेली दारं वेगळीच, आणि तरीही स्वतः वाचून, यंत्रं खोलून शिकलेला. ट्रकमध्ये माल थंड ठेवायचा तर तोपर्यंत बर्फ भरायचे, तो वितळला की माल गेला. घरातल्यासारखं थंड करायचं यंत्र ट्रकवर बसवलं तर रस्त्याच्या धक्क्यांनी खिळखिळं व्हायचं. जोन्सने मिनियापोलिसमध्ये १९३८ पासून धक्के सोसणारं यंत्र बनवायला घेतलं, पहिलं मॉडेल ट्रकच्या पोटाखाली बसवलेलं आणि तिथे चिखल धूळ जाऊन बसायची, म्हणून पुढे ते उचलून समोर, ड्रायव्हरच्या केबिनच्या वर नेलं. आजही थंड मालाच्या ट्रकवर ते तिथेच दिसतं. युद्धात रक्त आणि औषधं थंड ठेवायला त्याचीच यंत्रं गेली. ६० च्या वर पेटंट त्याच्या नावावर, १९६१ मध्ये तो गेला, आणि अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला मिळालं १९९१ मध्ये, तीस वर्षांनी.

मॅक्लीन २००१ मध्ये गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या सकाळी जगभरच्या कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले. टँटलिंगर २०११ पर्यंत जगला.

आणि एक वर्ग उरतो ज्याच्या हातचं काम या सगळ्यांनी मिळून काढून घेतलं, तो गोदी कामगारांचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० मध्ये संघटनेने करार केला, यंत्रं येऊ द्यायची आणि बदल्यात कामगारांच्या निवृत्तीसाठी मालकांनी पैसे बाजूला काढायचे, बाकी ठिकाणी इतकंही झालं नाही. लंडनच्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत एकामागून एक बंद पडल्या. आज जहाजावर डबे कसे रचायचे ते सॉफ्टवेअर ठरवतं, जड खाली, आधी उतरायचं ते वर, दोन्ही बाजूंचा तोल सारखा. हेच सगळे नियम पूर्वी गोदी कामगारांचा मुकादम डोक्यात घेऊन जहाजाच्या पोटात उतरायचा, फक्त त्याच्यासमोर एका मापाचे डबे नव्हते, एक पिंप, एक गोणी, एक मोटारगाडी असं काहीही होतं. वॉरियरवर त्यांनी ६ दिवसांत १,९४,५८२ नग असेच बसवले, फळ्या ठोकून आणि दोरखंडांनी जखडून, आणि त्या लाकडाचा नि दोरखंडाचा खर्च झाला होता ५,०३१ डॉलर ६९ सेंट.