कलपाची वाटी काळी का पडते?

लग्नसराई तोंडावर आली की एखाद्या ऐतवारी परभणीला आत्याच्या अंगणात हा बेत ठरलेला. मोरीजवळ पाट, पाटावर माझी आई, तिच्या खांद्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि मागं उभी आत्या. तिच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश. पार्लरमध्ये ज्या कामाला काही शे रुपये मोजावे लागतात, ते या दोघी नणंद-भावजया किराणा दुकानातल्या एका पाकिटात उरकतात. दर महिन्या-दीड महिन्याला मुळं पांढरी दिसायला लागतात, म्हणजे वर्षाकाठी वाचणारा पैसा थोडाथोडका नाही. घरी कलप लावण्यात कमीपणाही नाही आणि ते अवघडही नाही. फक्त त्या वाटीत काय चाललंय हे कळायला हवं.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळं माझं लक्ष आईच्या डोक्यापेक्षा वाटीकडंच जास्त असतं. आत्या दोन नळ्या पिळते, दोन्हींतून पांढरट मलई निघते. चमच्यानं घोटेपर्यंत ती पांढरीच असते. मग कडेनं बदामी होते, मग चहाच्या रंगाची. पंधरा-वीस मिनिटांत वर काळी साय धरते, पण चमचा खाली घातला तर आत अजून फिकी. म्हणजे विकत आणलेल्या पाकिटात काळा रंग नसतोच. असते ती तो तयार करायची सामग्री, आणि रंग तयार होतो तो आपल्या डोक्यावर. घरच्या घरी कलप लावताना होणाऱ्या बहुतेक चुका आणि होणारा जवळपास सगळा त्रास या एका गोष्टीतून समजतो.

आधी केस. उसाच्या कांडीला पानांचे देठ जसे एकावर एक गुंडाळलेले असतात, तसं केसावर पातळ खवल्यांचं वेष्टन असतं. खवल्यांची तोंडं टोकाकडं असतात, म्हणून केसावरून मुळाकडून टोकाकडं बोटं फिरवली तर तो मऊ लागतो आणि उलटी फिरवली तर खरखरतो. या वेष्टनाला क्यूटिकल म्हणतात. त्याच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा असतो आणि गाभ्यात मेलॅनिनचे कण. काळेपणा त्या कणांचा. केसाच्या मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी वयानुसार संपत जातात, मग केस रंगाविना उगवतो. आपण म्हणतो केस पिकला. पिकलेला केस डोक्यावर दिसतो तेव्हा तो निर्जीवच असतो, त्याला आतून काही सुधारता येत नाही. रंग द्यायचा तर बाहेरूनच.

पण वेष्टन घट्ट मिटलेलं असताना रंग आत जाणार कसा? त्यासाठी पहिल्या नळीत अमोनिया असतो. अल्कधर्मी पदार्थानं केस फुगतो आणि खवले उचलले जातात. त्याच नळीत पॅराफेनिलीनडायअमीन किंवा तसलाच एखादा पदार्थ असतो. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे पीपीडी म्हणतात. याचे रेणू लहान आणि जवळपास रंगहीन असतात, त्यामुळं उघडलेल्या फटींतून सहज आत शिरतात. दुसऱ्या नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पीपीडीचं ऑक्सिडीकरण करतं. त्यातून अतिशय उतावळे रेणू तयार होतात. हे रेणू एकमेकांना आणि सोबत घातलेल्या रेसॉर्सिनॉलसारख्या पदार्थांना जोडले जातात, आणि मोठे, गडद रंगाचे रेणू बनतात. लहान होते तेव्हा आत आले, मोठे झाल्यावर बाहेर पडता येत नाही. कलप महिना महिना टिकतो तो यामुळं.

ही युक्ती दीडशे वर्षांहून जुन्या शोधावर उभी आहे. ज्यांचा विद्यार्थी विल्यम पर्किन यानं १८५६ साली पहिला प्रसिद्ध कृत्रिम जांभळा रंग बनवला, त्याच ऑगस्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी १८६३ च्या सुमारास पीपीडीचं ऑक्सिडीकरण झालं की रंग येतो हे नोंदवलं. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या तरुण रसायनतज्ज्ञानं केसांचा रंग तयार करून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली. १९०९ साली त्यानं काढलेली कंपनी म्हणजे आजची लॉरियल. पाकिटं बदलली, वास कमी झाले, पण आतली मूळ रीत बरीचशी तीच आहे.

आता आत्याची वाटी. आईचं डोकं झालं की वाटीत हमखास थोडं उरायचं. आत्या म्हणायची, "आता हे टाकून द्यावं का बाई? ठेव झाकून, पुढच्या ऐतवारी लावू." मी तिला ती काळी साय दाखवली. सांगितलं, की काळं झालेलं म्हणजे संपलेलं. वाटीतल्या रेणूंनी एकमेकांचे हात धरले, ते मोठे झाले, आता ते केसात शिरणार नाहीत, वरवर माखतील आणि उशीला लागतील. पैसा वाचवायचा तर उरलेलं झाकून ठेवायचं नाही, मुळात कालवायचंच कमी. दोन्ही नळ्यांतून पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच, पण अर्धं अर्धं घ्यायचं. नळ्यांना टोपण लावलं की उरलेलं पुढच्या वेळेला चालतं, कारण दोन्ही भेटल्याशिवाय काम सुरू होत नाही. भुकटीच्या पुडीचंही तसंच. तिच्यात ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ कोरडा मिसळलेला असतो आणि पाणी पडलं की घड्याळ सुरू. म्हणून पुडी दमट मोरीत उघडी ठेवायची नाही.

आणखी एक काटकसर केसाच्या वाढीत आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे महिन्याभरानं पांढरी झालेली असतात ती तेवढीच मुळं, खालचा केस रंगलेलाच असतो. तरी बहुतेक घरांत दरवेळी सगळ्या केसांना शेंड्यापर्यंत लावतात. त्यात माल जातो आणि शेंडे पुन्हा पुन्हा पेरॉक्साइड खाऊन झाडूसारखे होतात. भांग पाडून, बट बट उचलून मुळांनाच लावलं तर अर्ध्याहून कमी मालात भागतं. बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं ते पेरॉक्साइडचं बळ, म्हणजे ६ टक्के. पिकलेल्या केसावर काळा किंवा गडद तपकिरी चढवायला तेवढं पुरतं. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के, ते मुख्यतः केस उजळवायला. जास्त जोराचं आणलं म्हणून जास्त काळं होत नाही. पाकिटावर ३० मिनिटं लिहिलं असताना दोन तास ठेवूनही होत नाही. तोवर रसायनं आपलं काम करून बसलेली असतात, टाळूला मात्र ती उगाच चिकटून राहतात.

वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्यावी. लोखंड, तांबं, पितळ यांच्या संगतीत पेरॉक्साइड आधीच फुटून जातं. मेंदीचं याच्या अगदी उलट. आमच्याकडं मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या काळ्या पाण्यात रात्रभर भिजवतात, कुणी आवळ्याची पूड टाकतं. नुसत्या मेंदीतला लॉसोन हा रेणू केसाच्या प्रथिनाला धरून बसतो आणि केशरी-तांबडा रंग देतो. काळेपणा देणं त्याला जमत नाही. चहात आणि आवळ्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, कढईतून थोडं लोह सुटतं, आणि दोन्ही मिळून काळसर संयुग होतं. जुन्या काळची लेखणीची काळी शाई याच जातीची. आजीनं कढई निवडली त्यामागं पक्कं रसायन आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. मात्र कढईतली मेंदी लावून आठवड्यात त्याच केसांवर पाकिटातला कलप लावू नये. केसांवर बसलेलं लोह पेरॉक्साइडला जोरात फोडतं आणि केस रखरखीत होतात. शंका असेल तर कंगव्यात अडकलेले चार केस घेऊन त्यांच्यावर आधी करून बघावं.

मेंदीवर नीळ चढवूनही काळा रंग मिळतो, पण ती नीळ म्हणजे नीळीच्या झाडाच्या पानांची पूड. कपड्यांना देतो ती नीळ वेगळी, ती डोक्याला लावायची नाही.

इथं एक फसगत होते आणि ती मला सगळ्यात जास्त सलते. बाजारात "काळी मेंदी" म्हणून पुड्या मिळतात. मेंदी काळी नसते. अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या अशा पुडीत मेंदीच्या नावाखाली बहुतेकदा पीपीडीच असतं. "अमोनिया नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटाचंही तेच. अमोनियाऐवजी कमी वासाचा दुसरा अल्कधर्मी पदार्थ घातलेला असतो, पीपीडी जागच्या जागी. पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हे कळत नाही.

जिंतूरच्या मामांनी मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री मिशांना अशीच काळी मेंदी लावली. कितीतरी वर्षं लावत होते. सकाळी नुसती खाज होती, दुपारी ओठ सुजला, दुसऱ्या दिवशी उठले तर पापण्या एवढ्या फुगलेल्या की डोळे उघडेनात. कानामागून पाणी पाझरत होतं. डॉक्टरांनी औषध दिलं, आठवड्यानं उतरलं. मामी सगळ्यांना एकच सांगत होत्या, "अहो, आजवर कधी काही झालं नाही, कलपानं कसं होईल?"

पण ॲलर्जी अशीच येते. वाटीत तयार होणारे ते उतावळे रेणू केसात जसे जोडले जातात तसे कातडीच्या प्रथिनालाही चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशींना ते जोडलेलं प्रथिन परकं वाटतं आणि त्या त्याची ओळख लक्षात ठेवतात. ही ओळख पहिल्या वेळी पटेल किंवा पंधराव्या वर्षी. एकदा पटली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी थोडा माल लागला तरी हल्ला होतो. हल्ला लगेच होत नाही. या पेशींना जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून लोक कलपाला सोडून जेवणाला, पाण्याला, डासाला दोष देतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ साली पीपीडीला "वर्षाचा ॲलर्जन", म्हणजे ॲलर्जी आणणारा त्या वर्षाचा पदार्थ, ठरवलं होतं.

भुवयांना तर हात लावायचाच नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युअर नावाचा पापण्या-भुवयांचा रंग निघाला होता. त्यात पीपीडी होतं. त्यानं बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, एकीची दृष्टी कायमची गेली. तिथं १९३८ साली सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला त्यामागं अशा घटना होत्या. आपल्याकडंही कलपाच्या पाकिटावर भुवया-पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं, असा इशारा छापावा लागतो.

कॅन्सरचं काय, हे मला विद्यार्थिनी नेहमी विचारतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन वेगळी उत्तरं दिली. रोज दिवसभर रंगकाम करणाऱ्या केशकर्मींचा धोका "संभाव्य" गटात, घरी स्वतःपुरता वापर मात्र पुराव्याअभावी कुठल्याच बाजूला न ठरवलेला. २०२० साली १,१७,२०० अमेरिकी परिचारिकांचा ३६ वर्षांचा अभ्यास आला. त्यात कायमचा कलप लावणाऱ्यांत बहुतेक कॅन्सरांचा धोका वाढलेला दिसला नाही, काही थोड्या प्रकारांत किंचित वाढ दिसली. माझ्या मते घाबरून कलप सोडायचं कारण नाही, पण हातमोजे घालायचं आणि दार-खिडकी उघडी ठेवायचं कारण नक्की आहे. पार्लरमध्ये राबणाऱ्या मुलींनी तर विनामोजे हे काम करूच नये. आणि पाकीट लेकराबाळांच्या हाताला लागेल असं ठेवू नये, पीपीडी पोटात गेलं तर जिवावर बेततं.

राहिलं पाणी. आपल्याकडं ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दोन बादल्या डोक्यावर ओतायचा सल्ला कुणी कुणाला द्यावा? धुण्याआधी तांब्याभर पाणी शिंपडून डोकं दोन मिनिटं चोळलं तर लगदा सुटतो आणि नंतर कमी पाण्यात केस स्वच्छ निघतात. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी अंगाच्या साबणाचा चिकट साका होतो आणि केसावर बसतो. शिवाय वडीचा साबण अल्कधर्मी असल्यामुळं मिटू पाहणारे खवले पुन्हा उघडतो, रंग लवकर उतरतो, पाकीट लवकर आणावं लागतं. शिकेकाईचा असा साका होत नाही. साधा शांपूही चालेल, साबणाची वडी तेवढी नको.

यंदा आत्यानं गुरुवारी रात्री दोन्ही नळ्यांतून वाटाण्याएवढं घेऊन कालवलं आणि आईच्या कानामागं एक ठिपका लावला. हे ती आता दरवेळी करते. शुक्रवारी बघितलं, शनिवारी रात्री पुन्हा बघितलं. लाली नाही, खाज नाही, पुरळ नाही. असतं तर पाकीट परत फळीवर गेलं असतं. मामांना मात्र असला ठिपकाही घरी लावू नका म्हणून सांगितलंय. एकदा अंगावर उठलेल्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडंच जायचं. ऐतवारी सकाळी आत्यानं आईच्या कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळ्यांना खोबरेल लावलं, हातात मोजे चढवले आणि भांग पाडून मुळं तेवढी रंगवली. दोन्ही नळ्या अर्ध्या भरलेल्या, टोपण लावून ठेवून दिल्या. वाटीत खरवडायलाही काही उरलं नव्हतं.