कणखर वकील आणि कुरापतखोर वकील

दिवाणी न्यायालयात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही वकिलाला विचारले, तर समोर उभे राहणाऱ्यांपैकी 'त्रासदायक' म्हणून दोन-चार नावे तो क्षणाचाही विचार न करता सांगेल. त्या नावांची थोडी खोलात जाऊन चौकशी केली, की असे दिसते की त्यात दोन अगदी वेगळ्या जातीची माणसे एकाच माळेत ओवलेली असतात. एक असतो तो कणखर वकील, जो आपल्या अशिलाच्या हितासाठी कायद्याने दिलेले प्रत्येक साधन वापरतो आणि आपल्याला फुकटची सवलत देत नाही. दुसरा असतो तो कुरापतखोर वकील, जो तीच साधने दाव्याचा निकाल लागावा म्हणून नव्हे, तर तो लागू नये म्हणून, किंवा समोरचा पक्ष थकावा आणि त्याच्या वकिलाचा तोल जावा म्हणून वापरतो. चढा आवाज, हरकती, नकार आणि अर्जांची चळत ही बाहेरून दिसणारी लक्षणे दोघांतही सारखीच असल्यामुळे गफलत होते, आणि ती दोन्ही बाजूंनी महागात पडते. कणखर वकिलाला कुरापतखोर समजणारा माणूस तयारी करायच्या वेळी चिडत बसतो, तर कुरापतखोराला कणखर समजणारा 'चालायचेच' म्हणून गप्प राहतो आणि त्याचा भुर्दंड त्याचा अशील भरतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक वर्तणुकीच्या नियमांत या दोघांमधली रेषा एकाच वाक्यात आखलेली आहे. नियम १५ नुसार वकिलाने स्वतःवर किंवा इतर कोणावर होणाऱ्या अप्रिय परिणामांची पर्वा न करता अशिलाच्या हिताचे निर्भयपणे रक्षण करायचे असते, मात्र ते रास्त आणि सन्माननीय मार्गांनीच. यातला निर्भयपणा सर्वांना तोंडपाठ असतो, आणि मार्गाविषयीची अट बहुधा समोरच्याला ऐकवण्यापुरतीच आठवते.

सुरुवात कैफियतीपासूनच, म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरापासूनच करू, कारण नव्या अशिलाचा पहिला संताप तिथेच होतो. दाव्याच्या एकेका परिच्छेदावर 'सदर मजकूर खोटा, खोडसाळ व कपोलकल्पित असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही' असे वाचून वादी हातातला कागद आपटतो आणि म्हणतो, 'मला खोटारडा म्हणतात, यांच्यावर अब्रुनुकसानीची केस करा.' त्याला शांतपणे सांगावे लागते की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ५ प्रमाणे जे कथन स्पष्टपणे नाकारले जात नाही ते कबूल केले असे धरले जाते, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद नाकारणे हे प्रतिवादीच्या वकिलाचे कामच आहे आणि विशेषणांची ती माळ कित्येक वर्षे एका कैफियतीतून दुसरीत उतरत आलेली आहे. त्याच कैफियतीत वादीच्या मुलीच्या लग्नाविषयी, वादाशी काडीचाही संबंध नसलेला मजकूर आला असेल, तर मात्र ती कुरापत होय. त्यावर उत्तरादाखल तसाच मजकूर लिहिण्याची गरज नसते. आदेश ६ नियम १६ खाली तेवढा भाग वगळण्याचा अर्ज देता येतो, आणि तो अर्ज एका पानाचा असला तर अधिक परिणामकारक ठरतो.

या दोघांतला फरक सर्वांत लख्ख दिसतो तो उलटतपासणीत. वाटपाच्या एका दाव्यात माझी वादी सत्तरी ओलांडलेली बाई होती आणि तिच्या भावांचे म्हणणे होते की तिने हक्कसोडपत्रावर स्वखुशीने अंगठा दिला. समोरच्या वकिलांनी तिला जवळजवळ दोन तास पिंजऱ्यात उभे ठेवले. फेरफाराची नोटीस आली होती का, ती कोणी घेतली, तलाठ्याकडे हरकत नोंदवली का, नोंदवली नसेल तर का नाही, सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्याचे प्रथम कधी कळले, कळल्यावर दावा लावायला इतकी वर्षे का गेली, असे एकामागून एक प्रश्न येत राहिले. साक्षीच्या कागदावर 'हे म्हणणे खरे नाही की' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये एकाखाली एक उतरत गेली. बाहेर आल्यावर तिच्या मुलाने 'आईचा छळ केला' अशी तक्रार केली, आणि खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मलाही तसेच वाटत होते. रात्री साक्षीची नक्कल पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की त्यातला एकही प्रश्न वादाच्या मुद्द्याबाहेरचा नव्हता, आवाज एकदाही चढलेला नव्हता आणि बाईंनी पाणी मागितले तेव्हा तपासणी थांबवण्याची विनंती त्याच वकिलांनी केली होती. माझा राग खरे म्हणजे माझ्यावरच होता, कारण नोटिशीच्या प्रश्नाची तयारी मी तिच्याकडून करून घेतलेली नव्हती.

दुसऱ्या एका प्रकरणात साक्षीदार विधवा होती आणि वाद होता घराच्या भाडेपावत्यांचा. तिथल्या वकिलांनी किंचित हसून विचारले, 'नवरा गेल्यावर तुम्ही दिराकडेच का राहता?' भाडेपावतीशी या प्रश्नाचा कसलाही संबंध नव्हता. तो विचारला होता तो फक्त मागच्या बाकांवरच्या लोकांनी हसावे म्हणून. अशा वेळी उठून 'हे काय चालले आहे' असे ओरडण्याची ऊर्मी येते, आणि कुरापतखोराला नेमके तेच हवे असते, कारण त्या क्षणापासून प्रश्न बाजूला पडतो आणि भांडण दोन वकिलांचे होते. आदेश १८ नियम ११ मध्ये याचा शांत उपाय आहे. ज्या प्रश्नाला हरकत घेतली गेली आणि तरीही न्यायालयाने तो विचारू दिला, तो प्रश्न, त्याचे उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि न्यायालयाचा निर्णय हे सगळे नोंदवायचे असते. मी एवढीच विनंती केली की हरकतीसह प्रश्न शब्दशः घ्यावा. लघुलेखकाने 'प्रश्न' एवढा शब्द टंकून मान वर केली, न्यायाधीशांनी वकिलांकडे पाहिले, आणि वकील म्हणाले, 'राहू द्या, मी प्रश्न मागे घेतो.' कणखर वकिलाला आपला प्रश्न कागदावर आलेला हवाच असतो. कुरापतीचा प्रश्न मात्र कागदावर यायला कचरतो. माझ्या अनुभवात दोघांना वेगळे करणारी याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. असभ्य किंवा केवळ अपमान करण्यासाठी, त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न रोखण्याचा अधिकार न्यायालयाला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५१ आणि १५२ खाली होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे, पण बहुतेक वेळा तिथपर्यंत जावेच लागत नाही.

मुदतींच्या, म्हणजे तारीख पुढे ढकलून मागण्याच्या, बाबतीत दोघांचे वागणे चक्क उलटे असते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कणखर वकील तुम्हाला मुदत देताना कां-कूं करील, पण स्वतः फारशी मागणार नाही. कुरापतखोर मात्र प्रत्येक तारखेला नवे कारण घेऊन येतो आणि तुमचा साक्षीदार परगावाहून आलेला असेल त्या दिवशी तर हमखास येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नियम १ प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असे बंधन आहे, वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, आणि कलम ३५ब खाली दिरंगाई करणाऱ्या पक्षावर खर्च बसवता येतो, जो भरल्याशिवाय त्या पक्षाला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. सेलम वकील संघाच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीनची मर्यादा अगदी अपवादात्मक, पक्षाच्या हाताबाहेरच्या परिस्थितीत शिथिल होऊ शकते असे म्हटले. तालुक्याच्या न्यायालयात मात्र अपवादाचाच नियम झालेला दिसतो.

त्याचे एक कारण आपणच आहोत. मुदतीच्या अर्जावर म्हणणे देताना आपण सवयीने 'सक्त हरकत आहे' एवढे तीन शब्द खरडतो, ज्यातून न्यायाधीशांना काहीही कळत नाही. त्याऐवजी ही कितवी मुदत आहे, आधीचे अर्ज कोणत्या निशाणीवर (फाइलमधल्या क्रमांकावर) आहेत, साक्षीदार आज कोठून आणि कितव्यांदा आला आहे, त्याचा प्रवासखर्च किती झाला आहे, आणि मुदत द्यायचीच असेल तर ती कोणत्या शर्तीवर द्यावी, हे चार ओळींत लिहिले तर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, ती माहिती राहते आणि पुढच्या तारखेला कोणालाही आवाज चढवावा लागत नाही. अर्थात समोरच्याच्या घरी खरोखरच आजारपण असेल तर हेच म्हणणे 'हरकत नाही' असे असावे, आणि ते त्याला अर्ज लिहिण्याआधीच सांगावे. उद्या ती वेळ आपल्यावरही येते.

तोंडी शब्दाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण खरी दुखापत तिथे होते. 'आज तुम्ही मुदतीला हरकत घेऊ नका, पुढच्या तारखेला मी दस्तांना हरकत घेणार नाही' असे बार रूममध्ये ठरते आणि पुढच्या तारखेला तोच वकील प्रत्येक दस्तावर उभा राहतो. बार कौन्सिलचा नियम ३५ सांगतो की समोरच्या पक्षाला दिलेली रास्त आश्वासने, ती लेखी नसली किंवा न्यायालयाच्या नियमांनुसार अंमलात आणण्याजोगी नसली तरी, वकिलाने पाळण्याचा शक्य तेवढा प्रयत्न केला पाहिजे. पण नियम दाखवून शब्द परत मिळत नाही. ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्याशी पुन्हा काही ठरले, तर त्याच दिवशी दोन्ही सह्यांची पुरशीस (न्यायालयात दाखल करायचे लेखी निवेदन) द्यावी, आणि ती मागताना चेहऱ्यावर जुना हिशेब दिसू देऊ नये. कणखर वकील मात्र बार रूममध्ये शब्दच देत नाही. 'अशिलाला विचारून सांगतो' म्हणतो आणि आपल्याला तो आखडू वाटतो. त्याचा आखडूपणा परवडतो, कारण त्याने एकदा 'हो' म्हटले की फाइल मिटवून घरी जाता येते.

आपल्या अशिलाला परस्पर फोन करून 'तुमचे वकील दावा लांबवताहेत, आपण मिटवून टाकू' असे सांगणारा वकील कणखर आहे की नाही, यावर चर्चा करण्याचे कारण नाही. ज्या पक्षाने वकील दिलेला आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर त्या वकिलामार्फतच बोलावे, असे नियम ३४ स्पष्ट सांगतो. मी अशा वेळी एक छोटे पत्र पाठवतो, ज्यात फोनची तारीख आणि वेळ असते, नियमाचा उल्लेख असतो आणि एकही विशेषण नसते. नोटिशीतल्या धमक्या, 'जबर किंमत मोजावी लागेल' वगैरे भाषा याविषयी जास्त लिहिण्यासारखे नाही; तिला नोटिशीतल्या वस्तुस्थितीपुरते उत्तर द्यावे आणि भाषा तिथेच राहू द्यावी.

तिसराही एक प्रकार मधेच डोकावतो. एकाच सकाळी तीन न्यायालयांत तारखा असलेला, फाइल घरी विसरलेला, ज्युनिअरला 'काहीतरी सांगून वेळ काढ' म्हणणारा वकील कुरापतखोर नसतो, तो नुसता दमलेला असतो. आदल्या दिवशी एक फोन केला तर त्याच्याकडून अर्धे काम होऊन जाते.

राग अगदी अनावर झाला की तक्रारीचा विषय निघतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तभंग समिती वकिलाला समज देऊ शकते, त्याची सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव पटावरून काढू शकते. हे अस्त्र खरोखरच्या गैरवर्तनासाठी आहे, हरलेल्या अर्जाचा वचपा काढण्यासाठी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल पक्षकार असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नाते असणे ही अशा कारवाईची सर्वसाधारण पूर्वअट आहे. म्हणजे समोरच्या पक्षाचा वकील आपल्याला आवडला नाही म्हणून त्याला तिथे खेचण्याचा मार्ग अरुंदच आहे. बनावट दस्त किंवा शपथेवरचे धडधडीत खोटे हा वेगळा मामला आहे, आणि त्याची दाद ज्या न्यायालयात ते घडले तिथे मागावी.

सगळ्यांत अवघड भाग मात्र समोरच्या वकिलाचा नसून आपल्याच अशिलाचा असतो. समोरचा आवाज चढवतो तेव्हा आपल्या वकिलानेही चढवावा असे त्याला वाटते, आणि मधल्या सुट्टीत दोघे एकाच टेबलावर चहा घेताना दिसले की त्याच्या मनात 'आमचा वकील मॅनेज झाला' अशी शंका हमखास उभी राहते. बार कौन्सिलच्या नियम ४ प्रमाणे वकील हा अशिलाचा निव्वळ भोंगा नाही आणि अशिलाच्या अनुचित वागण्याला आवर घालणे हेही त्याचे काम आहे, पण असले वाक्य ऐकून कोणाची शंका फिटत नाही. म्हणून वकीलपत्रावर सही घेतानाच मी सांगून टाकतो की समोरचे वकील माझे रोजचे सहकारी आहेत, त्यांच्याशी मी नमस्कार-चमत्कार करीन, चहाही घेईन, आणि तुमच्या दाव्याबद्दल मी त्यांच्याशी जे काही बोलेन ते त्याच दिवशी तुम्हाला कळवीन. हक्कसोडपत्राच्या त्या दाव्यातल्या बाईंच्या मुलाला हे आधी सांगायचे राहून गेले होते. उलटतपासणीनंतर त्याच वकिलांनी मला चहाला बोलावले, तेव्हा तो खिडकीतून बघत होता, आणि त्या संध्याकाळी त्याने मला दोन वेळा फोन करून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला.