डुक्कर फियाट आणि पद्मिनी: नाव एक, गाड्या दोन

"आमच्याकडे फियाट होती," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पुढचं दार कसं उघडायचं? बहुतेकांचं उत्तर येतं, "कसं म्हणजे? सगळ्या गाड्यांचं उघडतं तसंच." ती पद्मिनी, किंवा फार तर तिच्या आधीची डिलाइट. एखाद्याचा चेहरा मात्र खुलतो आणि हात हवेत उलटा फिरतो. ती डुक्कर फियाट.

डुक्कर म्हणजे इटलीची फियाट ११००-१०३. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली आणि पुढच्याच वर्षी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात तिची जुळणी सुरू केली. इटलीत ती 'मिलेचेंतो'. आपल्याकडे त्या गुबगुबीत अंगाला पाहून लोकांनी डुक्कर म्हटलं, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात लाडच असायचा. बॉनेट फुगीर, पाठ उतरती, कोपरा म्हणून कुठे नाही. पुढची आणि मागची, दोन्ही दारं मधल्या खांबाला टांगलेली, त्यामुळे एका बाजूची दोन्ही उघडली की ती त्या खांबापाशी पाठीला पाठ लावून उभी राहत. नऊवारीतल्या आजीला पुढे बसवायला यासारखं दार नाही. आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. पण दार नीट लागलेलं नसेल आणि गाडीने वेग घेतला, तर वारा ते ओढून सताड मागे फेकायचा. म्हणून पुढच्या सीटवरच्या पोराला दाराच्या हँडलला हात लावायची सक्त मनाई. पुढच्या मॉडेलांत फियाटने दारं सुलटी केली, ते बरंच झालं.

पद्मिनी वेगळ्या पिढीची. तिचा मूळ साचा १९६२ च्या इटालियन ११००डी चा. रेषा सरळ, छत सपाट, मागे दिव्यांच्या वर छोटे पंख. हीच गाडी साठच्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडे 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली. पुढे फियाटचं नाव गळलं. १९७२ मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी'. म्हणजे डिलाइट आणि पद्मिनी यांतला गोंधळ क्षम्य आहे, तिथे बोनेटवरचा बिल्ला आणि आरसी बुक पाहिल्याशिवाय ठाम बोलू नये. डुक्कर आणि पद्मिनीची गल्लत मात्र मला समजत नाही. पन्नास पावलांवरून ओळखू यावं इतका फरक आहे.

गंमत अशी की कागदोपत्री पद्मिनी कधी फियाट नव्हतीच. पण टॅक्सीवाला, गॅरेजवाला, आरटीओतला एजंट, सगळ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच.

आणि त्यात थोडं तथ्य होतंच, कारण दोघींचं इंजिन १०८९ सीसीचंच. पहिल्या ११००-१०३ चं ३६ अश्वशक्तीचं, पद्मिनीचं चाळिशीच्या आसपासचं. खुद्द इटलीत ११००डी ला १२२१ सीसीचं मोठं इंजिन बसवलं होतं, नाव तेवढं ११०० राहिलं. आपल्या वाट्याला मात्र जुनंच आलं. स्टिअरिंगपाशी हँडल गिअर, समोर सोफ्यासारखी सलग सीट आणि थंडीत ओढायचा चोक, हे दोन्हीकडे सारखं. खंडाळ्याचा घाट चढताना पाणी उकळायला लागलं की बोनेट उघडून उभं राहणं हेही. पद्मिनीने शेवटच्या काळात फ्लोअर गिअर आणि डिझेल इंजिनसुद्धा पाहिलं. डुकराच्या नशिबी ते नव्हतं.

दिसायला डुक्कर सरस, यावर मी वाद घालायला तयार आहे. त्या गोलाईपुढे पद्मिनी चौकोनी डब्यासारखी वाटते. पण तरुणपणी माझ्या हातात आली ती पद्मिनी, आणि रोजच्या वापराला तीच बरी होती. मागची काच मोठी, डिकी ऐसपैस, आणि कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री डोळे मिटून कार्बोरेटर साफ करून द्यायचा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तेवढी पुण्याई तिला मिळवून दिली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आता हौस म्हणून यांतली एखादी घ्यायची असेल, तर हिशेब साधा आहे. पद्मिनीचे सुटे भाग जुन्या बाजारात अजून हाती लागतात. डुकराच्या बाबतीत इंजिनाची चिंता नको, ते चालतं करणारे मिस्त्री आहेत. आधी दारं उघडून बघा, बिजागऱ्या आणि मधला खांब गंजलाय का ते बोटाने दाबून पाहा, मग काचा आणि क्रोमच्या पट्ट्या मोजा. यातलं काही गायब असेल तर किंमत पाडून मागा, कारण ते शोधण्यात वर्ष जाईल.