जीपवरचा शोभेचा बार आणि खरा रोल बार

जुन्या जीपच्या सीटमागे काळा रंग मारलेली पाइपची कमान दिसली की तिला सरसकट रोल बार म्हटलं जातं. तिच्यावर चार दिवे चढतात, मागे उभे राहणारे तिला धरतात, आणि मग कुणीतरी सुचवतं की सीट बेल्टचं वरचं टोकही इथेच बांधून टाकू. दिवे टांगायची कमान आणि उलटलेली गाडी पेलणारी कमान यांत दिसायला फार फरक नसतो, त्यामुळे विकणाऱ्याचं फावतं. ताम्हिणीच्या किंवा मुळशीच्या चिखलात गाडी आडवी झाल्यावर हा फरक कळणं परवडणारं नाही.

सीट बेल्टबद्दल फार सांगायला नको. कारमधला तीन टोकांचा बेल्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे पुढच्या दोन सीटना कारखान्यातून बेल्ट देणं १९९४ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या महिंद्राच्या सीजे३बी किंवा एमएम५४० जीपमध्ये बेल्ट नसला तर नवल नाही. मालक नंतर बसवतो, आणि बसवायला भक्कम जागा शोधताना त्याचं लक्ष त्या कमानीकडे जातं.

पाइप कसा ओळखायचा ते आधी उरकून घेऊ, कारण चर्चा नेहमी इथेच अडकते. फॅब्रिकेटर ‘दीड इंची’ म्हणतो तेव्हा कुठला दीड इंच ते विचारा. नळाचा दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिमी भरतो, रेलिंगचा दीड इंची ३८.१. जिन्याच्या रेलिंगचा चकचकीत स्टील पाइप जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा असतो. तो जीपवर बसवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. नळाचा जीआय पाइपही नको, जस्तावर वेल्डिंग धड धरत नाही आणि धूर विषारी. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएचा (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) नियम मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढून केलेला बिनजोडाचा पाइप मागतो: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ चालतो. जुन्या जीपला यापेक्षा कमी का घ्यायचं? तयार कमान घेत असाल तर न दिसणाऱ्या जागी चार-पाच मिलिमीटरचं एक भोक पाडून जाडी मोजू द्या, असं सांगा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. वाकवलेल्या जागी व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावा: चपटा झालेला व्यास मोठ्या व्यासाच्या नव्वद टक्क्यांखाली असेल तर तो पाइप बेंडरवर दबला आहे, परत करा.

बार आणि केज हा फरक त्या मानाने सोपा. एक कमान आणि मागे दोन तिरपे टेकू म्हणजे बार. पुढे काचेच्या चौकटीपर्यंत नळ्या नेऊन जोडल्या की केज. मागचे टेकू उभ्या रेषेपासून निदान ३० अंश तिरपे हवेत, नाहीतर गाडी शेपटीवर उलटली की कमान पुढे झोपते. जीपची काच दुमडते, तेव्हा तिच्या चौकटीवर काडीचाही भरवसा ठेवू नका. हूडच्या, म्हणजे कापडी छताच्या बारीक नळ्यांवर तर नाहीच. कमानीच्या माथ्यापासून बॉनेटच्या पुढच्या कडेपर्यंत दोरी ताणा. ड्रायव्हर ताठ बसल्यावर डोकं त्या दोरीच्या चार बोटं खाली हवं. नसेल तर कमान बुटकी आहे, मग पाइप कितीही जाड असो.

आता मूळ मुद्दा, आणि लोक गफलत करतात ती इथेच. शोभेचा बार ओळखायचा तर वर बघू नका, खाली वाका. कमानीचे पाय कशावर टेकलेत? बहुतेक वेळा मागच्या चाकावरच्या डब्यावर, तळव्याएवढ्या पट्टीवर, दोन ८ मिमीच्या बोल्टनी आणि पत्र्याखाली नुसत्या वायसरनी. जीपच्या टबचा, म्हणजे आपण बसतो त्या उघड्या बॉडीचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास, त्यात पन्नास वर्षांचा गंज. हजार-बाराशे किलोची गाडी उलटून त्या कमानीवर आली की पाइप वाकतच नाही. काठी पत्र्याच्या डब्यात खुपसावी तसा पाय पत्र्यातून खाली जातो. कमान शाबूत राहते, पण डोक्याइतकीच खाली येते. पाइपच्या जाडीवरून तासन्‌तास वाद घालणारे हे पाय कधी बघत नाहीत.

खऱ्या बारच्या प्रत्येक पायाखाली भार पसरवणारी प्लेट असते, आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना असते. मुख्य कमानीच्या पायासाठी एफआयएची किमान मागणी अशी: ३ मिमी जाड, १२० चौरस सेंमीची प्लेट आणि ८.८ ग्रेडच्या ताकदीचे निदान तीन एम८ (८ मिमी) बोल्ट. जुन्या जीपच्या पत्र्यासाठी एवढ्यावर थांबू नये. वर-खाली ५ मिमीच्या १५० × १५० मिमी प्लेटा, मधे पत्रा, आणि चार एम१० बोल्ट नायलॉक (नायलॉनच्या कड्यामुळे ढिले न होणाऱ्या) नटांसह. कोपरे गोल करा, नाहीतर प्लेटच पत्रा कापते. पत्रा कुजला असेल तर आधी तो कापून नवा बसवा. गंजावर प्लेट ठेवणं म्हणजे पैसे फेकणं.

मग लोक विचारतात, सरळ चासीलाच वेल्ड का करू नये? कारण जीपचा टब चासीवर रबरी पॅडवर बसलेला असतो, आणि खडकावर एक चाक वर गेलं की चासी पिळवटते. कमान चासीला घट्ट आणि टबलाही घट्ट असेल तर ती पीळ फरशीवर निघते आणि पायाभोवती पत्रा तडकतो. त्याहून वाईट म्हणजे कमान चासीवर, पण सीट आणि कमरेचा बेल्ट टबवर. टब चासीला धरणारे जुने बॉडी माउंट सुटले की माणूस टबबरोबर एकीकडे जातो आणि कमान दुसरीकडे राहते. म्हणून नियम एकच: सीट, बेल्ट आणि कमान एकाच सांगाड्यावर. एक तर तिन्ही टबवर, आणि खालच्या प्लेटपासून चासीच्या ब्रॅकेटपर्यंत रबरी किंवा पॉलियुरेथेन बुशातून जोड. नाहीतर तिन्ही चासीवर, आणि नळ्या फरशीतून जातात तिथे मोकळी भोकं. रोज रस्त्यावरही चालवायच्या गाडीला पहिली पद्धत बरी.

बेल्टचा भार किती असतो याचा अंदाज नसल्यामुळे शोभेच्या बारवर तो बांधायची हिंमत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आर१४ नियमात कारच्या तीन टोकांच्या बेल्टची चाचणी छातीच्या पट्ट्यावर १३५० डेकान्यूटन, म्हणजे साधारण पावणेचौदाशे किलोचा ओढ लावून होते, आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर तेवढाच. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी अशाच चाचण्या होतात. चाकाच्या डब्यावरच्या दोन बोल्टनी हा ओढ सहन करायचा, असं गृहीत धरलेलं असतं.

बेल्टचा बोल्ट ७/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचा इंची बोल्ट), इंचाला २० आटे. तिथे एम१० घातला की तो ढिला बसतो. दुकानात सापडला म्हणून तो वापरू नका. पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला तर पाइप चेपतो. आधी आत स्लीव्ह (आडवी छोटी नळी) वेल्ड करा, किंवा आटे पाडलेला बॉस (जाड गोल तुकडा) बसवलेली प्लेट कमानीच्या आडव्या नळीवर लावा. कमरेच्या पट्ट्याची खालची टोकं फरशीत अशा जागी हवीत की पट्टा पोटावर नव्हे, ओटीच्या हाडावर बसेल. सीजे३बीसारख्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी टाकी काढा. बेल्ट जुन्या बाजारातून आणू नका: एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा बाहेरून धडधाकट दिसतो.

शर्यतीतला, दोन्ही खांद्यांवरून येणारा चार टोकांचा हार्नेस भारी दिसतो, पण त्याचे खांद्याचे पट्टे मागे फरशीला बांधले तर धडकेत ते मणक्यावर दाब देतात. ते कमानीच्या आडव्या नळीला, खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली हवेत. आणि कमानच नसलेल्या उघड्या जीपमध्ये हार्नेस अजिबात नको. उलटल्यावर तो तुम्हाला ताठ धरून ठेवतो आणि वर आधार काहीच नसतो. उलट बाजूने, बेल्टशिवाय रोल बार म्हणजे डोक्यामागे लावलेला लोखंडी दांडा. डोकं लागेल तिथे रेसिंगचं कडक पॅडिंग लावा. एसीच्या नळीवरचा मऊ काळा फोम लावून पॅडिंग केल्याचं समाधान मानणारे बरेच आहेत. तो बोटाने चेपतो.

व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर वेल्डिंगआधी २०२१ चे नियम वाचा. पन्नास वर्षांवरच्या गाडीची चासी किंवा बॉडी शेल बदललेली चालत नाही, त्यामुळे अशा गाडीला बोल्टने उतरवता येणारी कमानच करा आणि मूळ पत्र्याला कमीत कमी हात लावा.

रिळाचा, म्हणजे आपोआप गुंडाळला जाणारा बेल्ट असेल तर रीळ बनवणाऱ्याने दिलेल्या कोनातच बसवावं लागतं. आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणावर चालतो: संयुक्त राष्ट्रांच्या सीट बेल्टसाठीच्या आर१६ नियमाप्रमाणे तो १२ अंशांपर्यंतच्या कलात अडकायचा नाही आणि २७ अंशांपलीकडे अडकायलाच हवा. तिरप्या टेकूवर तसंच चिकटवलं की पट्टा बाहेरच येत नाही, आणि मग माणूस वैतागून बेल्ट लावायचंच सोडतो. ऑफ-रोडच्या चढावर बरोबर बसवलेलं रीळही अडकतं, तो त्याचा दोष नाही. चढ लागण्याआधी पट्टा अंगावर नीट ओढून घ्या.