कायरोप्रॅक्टिक: मणक्यांच्या उपचारामागचा सव्वाशे वर्षांचा वाद

कंबर किंवा मान धरली म्हणून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, गेलेल्या माणसाला साधारण दोनांपैकी एक अनुभव येतो. एखादा नीट तपासतो, काही वेळा मणक्यांवर हाताने झटका देऊन उपचार करतो, व्यायाम शिकवतो आणि मोकळा करतो. दुसरा आधी एक्स-रे काढायला लावतो, मणके ‘सरकलेत’ म्हणून सांगतो, कित्येक महिन्यांचं वेळापत्रक हातात ठेवतो आणि जाता जाता दमा किंवा पोटाच्या तक्रारीही याच उपायाने जातील असं सुचवतो. दोघांची पदवी मात्र एकच. याचं कारण वैद्यकशास्त्रात कमी आणि कोर्टकचेऱ्यांत जास्त सापडतं.

हाताने सांधे सैल करण्याची विद्या तशी जुनीच. पाठीचा कणा ताणून आणि दाबून उपचार करण्याची वर्णनं प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही आहेत, आणि हाडवैद्य तर बहुतेक सगळ्या समाजांत होऊन गेले. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 पासून ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करण्याची आणखी एक पद्धत, मांडायला सुरुवात केली होती. त्या काळातल्या डॉक्टरांची औषधंही काही फारशी सुरक्षित नव्हती. पाऱ्याची संयुगं सर्रास दिली जायची, त्यामुळे औषधाविना बरं करणाऱ्याकडे लोक ओढले जात.

डॅनिएल डेव्हिड पामर हा त्यातलाच एक. जन्म 1845 चा, कॅनडातला. त्याने अमेरिकेत येऊन शिक्षकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा विकला आणि पुढे आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात ‘चुंबकीय उपचार’ करत बसला. सप्टेंबर 1895 मध्ये त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणारा हार्वी लिलार्ड त्याच्या हाती लागला. लिलार्डला बरीच वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तेव्हापासून ऐकू येईनासं झालं, असं त्याने सांगितलं. पामरने त्याच्या पाठीवरचा उंचवटा हेरला, मणका दाबून ‘जागेवर’ बसवला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं, अशी ही जन्मकथा. लिलार्डच्या मुलीने नंतर सांगितलेली हकीकत निराळी आहे. गप्पा चालू असताना पामरने हसत हसत त्याच्या पाठीवर पुस्तकाने थाप मारली आणि काही दिवसांनी त्याला ऐकण्यात फरक जाणवला, असं तिचं म्हणणं.

खरं काय घडलं कोण जाणे. कानाची श्रवणनस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांमधून जात नाही, ही अडचण दोन्ही हकीकतींत राहतेच. पामरला तिचं काही वाटलं नाही. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा त्याने थेट सिद्धांतच मांडला. शरीरात एक उपजत शहाणपण वाहतं, मणका सरकला की त्याची वाट अडते. या सरकण्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणत असे. 1897 मध्ये त्याने शाळा काढली आणि 1906 मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगात गेला. शाळा मुलाच्या, बी. जे. पामरच्या, हाती आली.

मला स्वतःला या इतिहासातला कळीचा प्रसंग लिलार्डचा वाटत नाही. तो 1907 चा, विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावातला. शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला भरला गेला. त्याचे वकील टॉम मॉरिस यांनी बचाव केला तो असा: हा माणूस वैद्यकीही करत नाही आणि ऑस्टिओपॅथीही करत नाही, कायरोप्रॅक्टिकचं तत्त्वज्ञान, शास्त्र आणि कला ही सगळी स्वतंत्र आहेत. ज्यूरीने मोरिकुबोला निर्दोष सोडलं. तिथून पुढे देशभर अटक झालेल्या कायरोप्रॅक्टरांची ढाल हीच. परिणाम असा झाला की मणका सरकण्याचा सिद्धांत तपासून बघायची सोयच उरली नाही, कारण तो सोडला की वेगळेपण गेलं आणि वेगळेपण गेलं की तुरुंग. एरवी एखादी कल्पना चुकीची निघाली तर शास्त्र ती टाकून पुढे जातं. इथे ती कल्पना वकिलाच्या फायलीत अडकून पडली.

बी. जे. हा कमालीचा जाहिरातबाज माणूस. 1910 मध्ये त्याने एक्स-रे आणला, पुढे रेडिओ केंद्र चालवलं (त्याच केंद्रावर 1930 च्या दशकात पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन तरुणपणी निवेदक होता). 1924 मध्ये त्याने ‘न्यूरोकॅलोमीटर’ पुढे केलं. हातात धरायचं उपकरण, दोन टोकं कण्याच्या दोन बाजूंना टेकवून वरून खाली फिरवायचं; दोन्हीकडच्या उष्णतेत फरक दिसला की तिथे सबलक्सेशन. उपकरण विकत मिळत नसे, भाड्यानेच घ्यावं लागे आणि भाडं भरमसाट. त्याच्या शिष्यांपैकी अनेकजण यावरून फुटले. नुसत्या मणक्यांवर श्रद्धा ठेवणारे ‘स्ट्रेट’ आणि व्यायाम, शेक, आहार यांची जोड देणारे ‘मिक्सर’ असे दोन तट आधीच पडत होते, ते आता पक्के झाले. सुरुवातीला सांगितलेले दोन कायरोप्रॅक्टर हे याच दोन घराण्यांचे वारस.

कायरोप्रॅक्टरांना परवाना देण्याचा कायदा कॅन्सस राज्याने 1913 मध्ये केला, सगळ्यात शेवटी लुइझियाना राज्याने 1974 मध्ये. मधल्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने 1963 मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टरांशी संबंध ठेवणं डॉक्टरांसाठी अनैतिक ठरवलं. 1976 मध्ये चेस्टर विल्क आणि इतर चार कायरोप्रॅक्टरांनी दावा लावला. न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी 1987 मध्ये निकाल दिला की संघटनेने बेकायदा बहिष्कार घातला होता. हा निकाल अनेकजण ‘उपचार खरा असल्याचं कोर्टाने मान्य केलं’ असा सांगतात. तसं नाही. तो व्यवसायातल्या स्पर्धेबद्दलच्या कायद्याचा निकाल होता, उपचाराच्या गुणाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

एक्स-रेची सवयही अशीच कायद्याने घट्ट केली. 1972 मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत कायरोप्रॅक्टिकचा समावेश झाला, पण पैसे मिळणार ते एक्स-रेवर दाखवलेल्या सबलक्सेशनसाठीच. ही अट सुटायला 2000 साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीन दशकं सरकारच सांगत होतं की जे दिसत नाही ते फिल्मवर दाखवा.

ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने या व्यवसायासाठी नियामक परिषद आली. 2008 मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी लहान मुलांची पोटदुखी, दमा वगैरे बरं करण्याच्या दाव्यांवर वर्तमानपत्रात टीका केली, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. 2010 मध्ये तो मागे घ्यावा लागला आणि त्याच वर्षी नियामक परिषदेनेच जाहीर केलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे, ती आजाराचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही.

सिद्धांत गेला तरी हात राहिले, आणि हातांत थोडा गुण आहे. अचानक धरलेल्या कंबरेला मणक्यांवरच्या उपचाराने पहिल्या महिन्यात उपयोग होऊ शकतो, असं अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेने 1994 मध्येच म्हटलं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी करून बघण्याच्या उपायांत त्याला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शिकेतही तो आहे, व्यायामासारख्या इतर उपायांसोबत. मिळणारा फरक माफक असतो आणि फिजिओथेरपीने पडणाऱ्या फरकाच्या आसपासच. कंबर, मान आणि काही प्रकारची डोकेदुखी सोडून पुढचे दावे सुरू झाले की पायाखाली पुराव्याची जमीन नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं. आधी दुखण्याची चौकशी, वाकवून-वळवून तपासणी, पायातली ताकद आणि संवेदना बघणं. मग कुशीवर झोपवून वरचा गुडघा दुमडतात, खांदा एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला हलकेच ताणतात आणि सांधा जिथे अडतो तिथे छोटासा, चपळ झटका देतात. कट्कन आवाज येतो. तो मणका जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरून वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला, असंही नाही. एखादा दिवस अंग ठणकणं हे निम्म्या लोकांना होतं आणि आपोआप जातं.

मानेचं मात्र जपून. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळा आहेत, आणि वाहिनी आधीच फाटत असल्यामुळे मान दुखून माणूस उपचाराला गेला असेल का, हा वाद मिटलेला नाही. अचानक, कधी न झालेलं तीव्र मानेचं किंवा डोक्याचं दुखणं, चक्कर, बोलताना जीभ अडखळणं असेल तर कायरोप्रॅक्टरकडे न जाता थेट रुग्णालय गाठायचं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पाय लुळे पडणं, ताप, कर्करोगाचा इतिहास, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांतलं काही असलं तरी आधी डॉक्टर.

मानेला हात लावू नका, झटक्याऐवजी हलक्या दाबाने करा, असं सांगायचा हक्क रुग्णाला असतोच, आणि बरे कायरोप्रॅक्टर ते ऐकतात. 1994 च्या त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट आहे: महिन्याभरात फरक पडला नाही तर उपचार थांबवून पुन्हा तपासणी करावी. वर्षभराचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन गळ्यात मारणाऱ्याला हे वाक्य सहसा आवडत नाही.