धुराचा दुसरा फेरा

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत गॅसवरच्या भट्टीपाशी काम करणारा माणूस डोकावायच्या भोकातून आधी ज्योत बघतो. निळी, टोकदार, घोंघावणारी ज्योत दिसली की बर्नर झकास चाललाय असं समजायचं. गॅस पूर्ण जळतोय एवढ्यापुरतं ते खरंच आहे. पण त्याच ज्योतीच्या सर्वांत तापलेल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. हवेतला 78 टक्के नायट्रोजन एरवी कशातच पडत नाही, मात्र साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे तो ऑक्सिजनशी जोमाने जोडला जाऊ लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. ही अभिक्रिया सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी 1940च्या दशकात उलगडून दाखवली. तिची गोम अशी, की तापमान थोडं चढलं तरी तिचा वेग कितीतरी पटींनी चढतो. म्हणून भट्टीच्या सरासरी तापमानापेक्षा ज्योतीतला एखादा कोपरा किती तापला, यावर बरंच काही ठरतं.

आपल्या भागाला याची काळजी वाटायला हवी. ही ऑक्साइड्स उन्हात, इंधनाच्या आणि रंगरसायनांच्या वाफांबरोबर, जमिनीलगत ओझोन तयार करतात आणि द्राक्षवेल ओझोनला नाजूक असते. कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या पानांवर पडणाऱ्या काळपट ठिपक्यांचा ओझोनशी असलेला संबंध 1958 साली मांडला गेला. तासगाव-पलूस पट्ट्यात तर बागा आणि कारखाने शेजारीशेजारी आहेत.

गॅस वाचवायचा एक जुना उपाय आहे: धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर आत येणारी हवा तापवून घ्यायची. बिल कमी होतं, पण ज्योत आणखी तापते आणि ऑक्साइड्स वाढतात. बचत करावी तर प्रदूषण, अशी ही कोंडी.

ती फोडली जळून गेलेल्या वायूंनीच. बर्नरच्या नोझलमधून हवा खूप वेगाने सोडली, की तो झोत भट्टीतले तापलेले निकास वायू, म्हणजे जळून उरलेला धूर, स्वतःकडे ओढून घेतो. हिशेब करून बघा. एक भाग हवेत 21 टक्के ऑक्सिजन, तीन भाग निकास वायूंत समजा 3 टक्के. मिश्रणात उरला साडेसात टक्के. ऑक्सिजन विरळ झाला, शिवाय सोबतच्या कार्बन डायऑक्साइडने आणि वाफेने बरीच उष्णता शोषली. इंधन तेवढंच जळतं, पण एका जागी भडकण्याऐवजी भट्टीभर पसरून. शिखर तापमान खाली येतं.

जर्मनीत 1989 साली एका बर्नरच्या चाचणीत भट्टी 1000 अंशांवर आणि हवा सुमारे 650 अंशांवर असताना ज्योत दिसेनाशी झाली. गॅस मात्र पूर्ण जळत होता, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नव्हता आणि नायट्रोजन ऑक्साइड्स शून्याच्या आसपास! बिनज्योतीच्या ज्वलनाचं संशोधन तिथून वेगाने वाढलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2002 साली अशा बर्नरवरचं काम प्रसिद्ध केलं.

निकास वायू ज्योतीकडे वळवणं तसं नवं नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरलाय, त्यांना बाजूच्या दोन नळ्या आठवतील. अशा नळ्यांच्या जुन्या 'हॉट ब्लास्ट' जातीच्या कंदिलांत काचेतून वर चढलेले गरम वायू थोड्या ताज्या हवेसह पुन्हा वातीकडे यायचे. नंतरच्या 'कोल्ड ब्लास्ट' कंदिलांत फक्त ताजी हवा येऊ लागली आणि उजेड वाढला. प्रकाश हवा असेल तर ज्योत फिकी पडणं तोट्याचं. भट्टीला उष्णता हवी असते, उजेड नाही.

सरसकट सगळीकडे मात्र हे चालणार नाही. इतका विरळ ऑक्सिजन असताना गॅस आपोआप पेटत राहायचा, तर भट्टी सुमारे 850 अंशांच्या वर हवी. थंड भट्टी आधी नेहमीच्या ज्योतीवरच तापवावी लागते. ज्योत ओळखून गॅस चालू-बंद करणारा सेन्सर इथे निरुपयोगी ठरतो. सुरक्षेची जबाबदारी तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवर येते, आणि त्यात हयगय म्हणजे स्फोटाला आमंत्रण. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, जवळपास निम्मं पाणी असतं, त्यामुळे तिथली ज्योत मुळात इतकी तापत नाही. तिथे मोठा प्रश्न राखेच्या कणांचा. माझ्या मते सुरुवात फोर्जिंगच्या भट्ट्यांपासून व्हावी. लोखंड घडवायला त्या 1200 अंशांच्या आसपास तापवलेल्याच असतात.